दीड बोटाएवढं तोंड

कट् असा आवाज झाला आणि तो सगळ्या गावानं ऐकला.

मी ग्रामपंचायतीच्या खोलीत माइकसमोर बसले होते. टाळेबंदीमुळे शाळा बंद होती. आमच्या गावात मोबाइल असायचा तो बापाच्या खिशात, आणि बाप असायचा वावरात. तेव्हा ऑनलाइन वर्गाचं नाव काढण्यात अर्थ नव्हता. म्हणून आम्ही दोघा शिक्षकांनी दवंडीचे भोंगे मागून घेतले होते. रोज सकाळी आठ ते नऊ भोंग्यावर शाळा. पोरं आपापल्या घराच्या ओट्यावर वही घेऊन बसायची, आम्ही बोलायचो, ती लिहायची. त्या दिवशी मी पहिलीची बाराखडी घेत होते. 'क' म्हटलं. मग 'का' म्हणायला तोंड उघडलं तशी डाव्या कानापुढं काहीतरी सरकलं आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. माइक ओठाजवळच होता.

तास संपवून बाहेर आले तर समोरच्या ओट्यावरची एक पोरगी म्हणाली, "बाई, काय फुटलं?"

"काही नाही फुटलं. 'का' लिहिला का तू?"

"लिहिला. पण फुटलं कायतरी. माह्या आजीनंबी आयकलं."

मी हसले, स्कूटीला किक मारली आणि मेडशीला घरी आले. वाटेत कानापुढं हात लावून पाहिला. दुखत होतं. पण तेव्हा कुणाचं काय दुखत नव्हतं?

आमची शाळा मेडशीपासून चारेक किलोमीटर आत, सोयाबीन आणि तुरीच्या वावरांमधल्या एका लहानशा गावात. पहिली ते चौथी, आणि शिक्षक दोन. एक मी आणि दुसरे मुख्याध्यापक. त्यांना सगळं गाव मोठे सर म्हणायचं. भोंग्याची कल्पना त्यांचीच. मी म्हटलं होतं, वरून आदेश येईपर्यंत थांबू. ते म्हणाले, "बाई, इमारत बंद करा असं लिहून आलं. शिकवणं बंद करा असं कुठी लिहून आलं?" दुसऱ्या दिवशी ते सरपंचाकडून खोलीची किल्ली घेऊन आले. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांचे, बाकीचे दिवस माझे.

भोंग्याचं काम आवडीचं होतं. बाकीचं तसं नव्हतं. नऊ वाजल्यानंतर मी आशा सेविकेबरोबर घरोघरी फिरायचे. कुणाला ताप आहे, कोण पुण्याहून आलं, कुणाचा ऑक्सिजन किती, हे सगळं लिहून घ्यायचं. लोक दारातूनच ओरडायचे. काही जण आतूनच "घरी कोणी नाही" असं सांगायचे. माझे मिस्टर एसटीचे चालक. त्या दिवसांत पायी निघालेल्या मजुरांना राज्याच्या हद्दीपर्यंत सोडायच्या फेऱ्या त्यांच्याकडे होत्या. चार-चार दिवस घरी यायचे नाहीत. आले की अंगणातच अंघोळ करायचे आणि गोठ्याशेजारच्या खोलीत झोपायचे, कारण सासूबाईंना साखर होती. मी ताट दाराबाहेर ठेवायचे. पाच हातांवर उभं राहून आम्ही नवरा-बायको एकमेकांची तब्येत विचारायचो.

सकाळी उठलं की जबडा जड वाटायचा, रात्रभर कुणी मुठीत धरून ठेवल्यासारखा. कानशिलं ठणकायची. मला वाटलं, मास्कच्या रबरामुळे. मग रबराऐवजी नाडीचा मास्क शिवून घेतला. फरक पडला नाही. मग वाटलं कान. गावातल्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं, म्हणाले कान चांगला आहे. तरी मी थेंब लिहून घेतले. मग वाटलं दाढ. एका दातांच्या दवाखान्यात गेले. ते डॉक्टर म्हणाले, दाढ थोडी किडली आहे, पण इतकी दुखायला नको, थांबून पाहू. मीच हट्टाला पेटले. म्हटलं, काढून टाका, रोज रोज सुट्टी काढून यायला मला वेळ नाही. त्यांनी काढली. दाढ गेली आणि दुखणं जागेवरच राहिलं. हे मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. चांगली कामाची दाढ मी स्वतःच्या घाईपायी घालवली होती.

दुसरी लाट आली तेव्हा आमच्या भोंग्याच्या शाळेला बरेच महिने झाले होते. एका शुक्रवारी मोठ्या सरांचा फोन आला. "बाई, आजचा तास तुमी घ्या. मले थोडी कणकण आहे." शनिवारी ते वाशीमच्या दवाखान्यात दाखल झाले. तिथून एकदाच बोलणं झालं. दम लागत होता. म्हणाले, चौथीचा अपूर्णांकाचा धडा राहिला आहे, तो सोडू नका, पोरं पुढं अडतात. त्यानंतर फोन त्यांच्या मुलानं उचलला.

बातमी सकाळी साडेसहाला आली. आठला तास होता.

मी घरात सांगितलं, साडी बदलली आणि निघाले. सासूबाई म्हणाल्या, "आज तरी नको जाऊ वं." मी म्हटलं, "गावाला कोणीतरी सांगायला पाहिजे." खरंतर गावाला आतापर्यंत कळलंच असणार होतं. पण पोरं वह्या घेऊन ओट्यावर बसलेली असतील आणि भोंगा गप्प राहील, हे मला सहन होणारं नव्हतं.

माइक सुरू केला. वाक्य मनात तयार होतं. आपल्या शाळेचे मुख्याध्यापक आज पहाटे आपल्याला सोडून गेले. एवढंच. मी ते सांगितलं. आवाज हलू द्यायचा नाही म्हणून मी दात इतके आवळले होते की शब्द फटीतून बाहेर काढावे लागले. मग दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. खिडकीतून समोरचा ओटा दिसत होता. पोरं उभी होती, त्यांच्या मागे बाया उभ्या होत्या. दोन मिनिटं झाली. मी म्हटलं, "चौथीच्या मुलांनी वह्या काढा. अपूर्णांक." आणि पूर्ण तास घेतला.

मी रडले नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरच्या दिवसांतही नाही. मनाशी एक ठरवलं होतं. आठवड्याचे सहाही दिवस आता माझे. एकही चुकवायचा नाही.

दहा-बारा दिवसांनी एका सकाळी चहाबरोबर पोळी खायला बसले आणि तोंड उघडेना. म्हणजे उघडायचं, पण दीड बोट. त्याच्या पुढं जायला लागलं की डावीकडे दार अडकावं तसं अडकायचं आणि कानापासून मानेपर्यंत कळ जायची. गंमत म्हणजे तो कट् आवाज बंद झाला होता. मला आधी वाटलं, बरं झालं. तो आवाज बंद होणं हीच वाईट खूण आहे हे मला नंतर कळलं.

मी पोळीचा तुकडा बारीक करून ओठांतून आत सरकवत होते. सासूबाई बघत होत्या. त्यांनी काम टाकलं आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

"तोंड उघड."

मी उघडलं.

"अजून."

"नाही उघडत."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "बाप्पा! खिळा-गिळा तं नाही लागला तुले पायाले? धनुर्वात असाच येते. जबडा बसते पयले." त्यांच्या लहानपणी त्यांच्या घरातलं कुणीतरी तसंच गेलं होतं. त्यांनी माझ्या दोन्ही पायांचे तळवे उलटे करून पाहिले, बोटांच्या बेचक्यासुद्धा पाहिल्या. मग मुलाला फोन लावला आणि एवढंच म्हणाल्या, "गाडी जथी असन तथी सोड आन ये."

मिस्टर दुपारी आले. मोटारसायकलवर, वाटेतलं मालेगाव मागं टाकून, सरळ वाशीमला निघालो. सरकारी दवाखान्यात धनुर्वात नाही हे दहा मिनिटांत ठरलं. तिथल्याच एका सिस्टरनं दातांच्या एका डॉक्टर बाईंचा पत्ता सांगितला. बाजारात कापडाच्या दुकानांच्या रांगेवर पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता. खालचं दुकान त्यांच्या वडिलांचं. डॉक्टर तरुण होत्या, तिशीच्या आतबाहेर, डोक्यावर ओढणी पक्की बांधलेली, वरून चेहऱ्यावर काच.

त्यांनी दात पाहिलेच नाहीत आधी. माझ्या दोन्ही कानांपुढं बोटं ठेवली आणि तोंड उघडायला, मिटायला लावलं. मग स्वतःची तीन बोटं एकावर एक ठेवून दाखवली. "एवढं जायला पाहिजे आत. तुमचं किती जातं?" मी माझी बोटं लावून पाहिली. दीड.

"करता काय तुमी?"

"शिक्षिका आहे." मी भोंग्याचं सांगितलं. घरोघरच्या पाहणीचं सांगितलं. मोठ्या सरांचं सांगितलं नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "एक सांगा. माणसाचे वरचे आन खालचे दात एकमेकांना कधी लागले पाहिजेत?"

"म्हणजे? तोंड मिटलं की लागणारच."

"नाही. ओठ मिटतात. दात सुटे राहतात. जेवताना, गिळताना लागतात, बस. साऱ्या दिवसातून थोडा वेळ." मग त्यांनी विचारलं, "आता या घडीला तुमचे लागलेत का?"

लागले होते. नुसते लागले नव्हते, रुतले होते. मी सुटे करायचा प्रयत्न केला तर गालाचे स्नायू थरथरायला लागले. जड पिशवी बराच वेळ धरून मग खाली ठेवली की हात थरथरतो तसे.

"कधीपासून असं धरून बसल्या?"

मला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "टाळेबंदी लागली तेव्हापासून असेल."

मिस्टर दाराशी उभे होते. ते म्हणाले, "झोपीतबी खाते ते दात. करकर आवाज येते. मी गोठ्यापाशी झोपतो तं भिंतीतून आयकू येते. मले वाटे उंदीर आहे."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. एवढे महिने भिंतीपलीकडून ते ऐकत होते आणि मला पत्ताच नव्हता.

डॉक्टरांनी एका कवटीच्या प्लास्टिकच्या नमुन्यावर समजावून सांगितलं. कानापुढं सांधा असतो, त्यात एक मऊ चकती असते. ती सरकायची तेव्हा कट् वाजायचं. आता ती पुढं जाऊन अडकली आणि मागं येईना, म्हणून आवाज बंद आणि तोंडही बंद. गालाचे स्नायू आखडून दगड झालेत, ते तिला आणखी दाबतायत. "दाढ काढली ना तुमी? तिचा काही गुन्हा नव्हता," त्या म्हणाल्या.

"पण हे मलाच का?" मी विचारलं.

"तुमालाच कुठं? पहिल्या लाटेपासून माझ्याकडे हेच दुखणं घेऊन येऊन राह्यले लोक. सिस्टर, पोलीस, दुकानदार, घरातल्या बाया. मलेबी आधी वाटलं मास्कमुळे असन. मग एकेकाला विचारत गेले. कुणाचं माणूस दवाखान्यात, कुणाची झोप उडालेली, कुणी सारा दिवस मोबाइलवर त्याच बातम्या पाहते. ज्याला आधीच थोडं दुखत होतं त्याचं जास्त वाढलं. सगळ्यांना नाही होत, आन नुसत्या टेन्शननंच होते असंबी नाही. पण एवढं मोठं संकट आलं का अंग कुठंतरी आवळून बसते. कुणाचं पोट, कुणाची मान. तुमचा जबडा." मग काचेमागून हसल्या. "माझाबी. मी सोताच्याच हातानं सोतासाठी प्लेट बनवली. रोज लावतो झोपताना."

त्या बोलण्यानं मला जेवढं बरं वाटलं तेवढं गोळीनं वाटलं नाही. आजार खरा होता, त्याला नाव होतं, आणि समोरच्या बाईलाही तो होता.

मग त्यांनी कागदावर लिहून दिलं. गरम पाण्यात टॉवेल पिळून दोन्ही गालांवर शेक. मऊ जेवण. सुपारी, फुटाणे, ऊस बंद. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ. जीभ टाळूला टेकवून तोंड हळूहळू उघडायचं, सहा वेळा, दिवसातून सहादा. झोपताना दातांवर प्लेट, ती आठवड्यात तयार होईल. आणि शेवटची ओळ वाचून मी कागद परत त्यांच्याकडे सरकवला. तिथं लिहिलं होतं, तीन आठवडे मोठ्यानं बोलणं बंद.

"हे नाही जमणार."

"काहून?"

"आता मी एकटीच आहे शाळेवर." आणि मग मला मोठ्या सरांचं सांगावं लागलं.

त्यांनी कागद पुन्हा माझ्याकडे सरकवला. "बाई, तुमची जिद्द जबड्यात ठेवू नका. दुसरीकडे कुठं ठेवता येते का पाहा. हा सांधा आयुष्यभर वापरायचा आहे. तीन आठवडे नाही दिले तं पुढं तीन वर्षं देसान."

परतीच्या वाटेवर मी गाडीवर मागं बसून एकच विचार करत होते. तास चुकवायचा नाही आणि बोलायचंही नाही. मालेगाव येईपर्यंत उत्तर सापडलं नव्हतं. मेडशीच्या अलीकडे सापडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेतली मोठी पाटी घेऊन ग्रामपंचायतीत गेले आणि आशा सेविकेला बोलावून घेतलं. पाटीवर लिहिलं, "मला बोलायची मनाई आहे. धडा तू वाच."

ती मागं सरली. "मी? बाई, मी नववीत सोडली शाळा. माह्यं बोलणं आयकून लोक हसतीन."

मी लिहिलं, "घरोघरी जाऊन शिव्या ऐकल्या. हसू ऐकायला काय झालं?"

ती वाचून खळखळून हसली आणि खुर्चीवर बसली. पहिल्या दिवशी ती इतक्या जोरात वाचत होती की भोंगा फाटायला आला. मी पाटीवर 'हळू' लिहून समोर धरलं. ती 'हळू' हा शब्दही वाचून गेली. तिसऱ्या दिवसापासून मात्र तिला सूर सापडला. गोष्टीचा धडा ती आपल्या बोलीत सांगायची आणि मग पुस्तकातलं वाचायची. पोरांना हे माझ्या शिकवण्यापेक्षा जास्त आवडलं. मला थोडं लागलं ते, पण खरं होतं.

गणिताला ती तयार नव्हती. त्यासाठी मी गावातल्या शिंपीचाचांकडे गेले. साठी उलटलेली, डोळ्याला जाड चष्मा, गावातल्या सगळ्या पोरांचे गणवेश त्यांनीच शिवलेले. लग्नसराई बंद म्हणून मशीन झाकून बसले होते. मी पाटी दाखवली, "चौथीला अपूर्णांक शिकवायचे आहेत. अर्धा, पाव, पाऊण." त्यांनी दोनदा वाचलं. "ये तो मेरा रोज का काम है बाई," ते म्हणाले आणि गळ्यात टेप अडकवून निघाले. माइकवर बसून त्यांनी सांगितलं, "पोरांनो, एक मीटर कापड घ्या. घरात नसन तं मायचा पदर पकडा. आता त्याची घडी करा. किती झालं? अर्धं. अजून घडी करा. पाव. आता तीन पाव मोजा, ते पाऊण. बाही पाऊण मीटरच्या जागी अर्धा कापली तं गिऱ्हाईक मले सोडन का? नाही सोडत. मंग तुमीबी चुकू नका." गावभर बाया पदर सोडवत ओरडत होत्या. मी खिडकीत उभी राहून बघत होते. मोठ्या सरांनी सोडू नका म्हणून सांगितलेला धडा असा पुरा झाला.

सगळ्यांना हे पटलं असं नाही. एका पोरीचा बाप ग्रामपंचायतीत येऊन माझ्यासमोर उभा राहिला. "बाई, तुमचं तोंड कायले आहे मंग? शिकवायचं तुमी, आन वाचून राह्यले आमचे लोक."

एरवी मी दात आवळून गप्प बसले असते आणि घरी जाऊन दिवसभर त्याचीच उत्तरं मनात घोळवली असती. आता पाटी होती. मी लिहिलं, "माझं तोंड दीड बोट उघडतं." आणि उघडून दाखवलं. तो गडबडला. आल्या पावली परत गेला. त्याचं मत बदललं नाही, नंतरही तो कुरकुरतच राहिला. पण त्याची पोरगी रोज ओट्यावर बसत होती, आणि मला तेवढं पुरे होतं.

दात सुटे ठेवणं मात्र सगळ्यात अवघड. लक्ष आहे तोवर सुटे, लक्ष गेलं की पुन्हा दातावर दात. डॉक्टर म्हणाल्या होत्या, डोळ्यापुढं काहीतरी खूण लावा. मी टिकल्यांचं पाकीट काढलं आणि घरभर लाल टिकल्या लावत सुटले. आरशावर, पाण्याच्या माठावर, फ्रिजवर, स्कूटीच्या काट्यापाशी, माइकच्या दांड्यावर. टिकली दिसली की दात सोडायचे, जीभ टाळूला, खांदे खाली. सासूबाई दोन दिवस बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अवं, माठाले टिकली लावली, भिताडाले लावली. आता मले लावतं का?" मी त्यांना हळू आवाजात कारण सांगितलं. त्यांनी स्वतःचे दात चाचपून पाहिले. "माह्ये तं चारच राह्यले. मले नाही होत हे." पण टीव्हीवर बातम्या लागल्या आणि मी पुढं सरून बघायला लागले की त्याच रिमोट उचलून टीव्ही बंद करायच्या. मी चिडायचे. त्या म्हणायच्या, "तुह्या गालाची गाठ मले इथून दिसते."

त्यांनी मला काय काय खाऊ घातलं! मुगाची खिचडी, वरणात कुस्करलेली पोळी, दुधातला भाकरीचा काला, शिरा. मिस्टर घरी असले की टॉवेल गरम करून आणायचे. तोवर एसटीच्या दूरच्या फेऱ्या थांबल्या होत्या आणि ते घरात झोपायला लागले होते. टॉवेल गालावर धरून ते नुसते बसायचे. एकदा त्यांनी आपणहून सांगितलं, हद्दीपाशी बस रिकामी करताना एक बाई उतरेचना, पुढं नेणारी गाडी येईल याची तिला खात्री वाटत नव्हती, आणि मग ते स्वतः खाली उतरून तिच्याबरोबर दोन तास उभे राहिले. वर्ष झालं होतं त्याला. मला ते माहीतच नव्हतं.

प्लेट घ्यायला आठवड्यानं पुन्हा वाशीमला गेले. पारदर्शक, नखाएवढ्या जाडीची. ती बसवण्याआधी डॉक्टर म्हणाल्या, स्नायू थोडा मोकळा करून घेऊ. दोन्ही अंगठ्यांनी त्या माझा गाल कानापासून खाली दाबत आणत होत्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी डावीकडे एक जागा अशी लागली की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या थांबल्या. "जास्त दुखलं?"

मी नाही म्हणून मान हलवली. पण पाणी थांबेना. नाकातून यायला लागलं. मग मला हुंदका आला, आणि पूर्ण तोंड उघडता येत नसल्यामुळे तो विचित्र, दबका, कुत्र्याच्या पिल्लासारखा बाहेर पडला. मी मोठ्या सरांसाठी रडत होते. त्यांच्या खोकल्यासाठी, किल्ली फिरवत यायच्या सवयीसाठी, सोमवार-बुधवार-शुक्रवारसाठी. डॉक्टरांनी खालच्या दुकानातून पाणी मागवलं आणि पुढच्या पेशंटला सांगितलं, थोडं थांबा.

रडल्यामुळे जबडा सुटला असं काही झालं नाही. त्या दिवशी परत मोजलं तर तेच दीड बोट. सांधा भावनेनं उघडत नाही. तो रोज सहादा, सहा-सहा वेळा, जीभ टाळूला लावून उघडावा लागतो. मी उघडला. चुलीपुढं उघडला, स्कूटी उभी करून उघडला, पाहणीच्या दोन घरांच्या दरम्यान मास्कच्या आत उघडला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी दोन बोटं झाली. तीन आठवडे झाले तेव्हा दोनच होती आणि मी निराश झाले. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, "थांबू नका." पाचव्या आठवड्यात एका सकाळी तोंड धुताना आत काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं. मी आरशापुढं तीन बोटं एकावर एक ठेवली. तिसरं घासून गेलं, पण गेलं. मी ओरडून सासूबाईंना बोलावलं. त्या धावत आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "आता कायले ओरडून राह्यली? पुन्हा बसन."

मग मी भोंग्यावर परतले, पण आठवड्यातले दोनच दिवस. बाकीचे दिवस आशा सेविकेनं आणि चाचांनी सोडले नाहीत, आणि मीही मागितले नाहीत. शाळा खरोखर उघडली तेव्हा चाचा पहिल्या दिवशी फाटकापाशी उभे राहून प्रत्येक पोराच्या गणवेशाची बाही ओढून बघत होते. दीड-दोन वर्षांत सगळ्यांचे हात लांब झाले होते.

दुखणं पूर्ण गेलेलं नाही. गेलं असं मी कुणाला सांगतही नाही. मिस्टरांच्या छातीत कळ आली होती तो महिना, सोयाबीन कापणीला आलं आणि आठ दिवस पाऊस उघडला नाही ती दिवाळी, सासूबाई गेल्या तो उन्हाळा, प्रत्येक वेळी डावीकडे कानापुढं जड व्हायला लागलं. फरक इतकाच, की आता मला ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कळतं. दात सुटे करते, शेक घेते, ज्याचं दुःख आहे त्याच्याशी त्याबद्दल बोलते. सासूबाई गेल्या तेव्हा मी पहिल्याच दिवशी रडले, भरपूर, सगळ्यांसमोर.

मागल्या वर्षी माझी बदली आसेगावला झाली. आता आम्ही वाशिमात खोली करून राहतो आणि मी रोज तिकडे जाऊन येऊन करते. तिथं एक तरुण शिक्षिका आहे. बोलायला कमी, कामाला वाघ. धाकटा भाऊ अपघातात गेल्यापासून घरचं सगळं तिच्यावर आलं आहे. मधल्या सुट्टीत मी पाहिलं, ती पोळी भाजीत बुडवून मऊ करून खात होती आणि एका बाजूनंच चावत होती. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी विचारलं.

"दाढ आहे मॅडम," ती म्हणाली. "काढून टाकतो मी परवा. अपॉइंटमेंट घेतली."

"परवा नको जाऊ."

"काहून?"

मी तिला सगळं सांगितलं, काढलेल्या दाढेसकट. तिनं ऐकून घेतलं, पण तिला पटलेलं दिसत नव्हतं. मलाही तेव्हा कुणी येऊन सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. मी म्हटलं, "दाढ कुठं पळून जात नाही. काढायचीच असेल तर पुढल्या आठवड्यात काढ. पण आधी एकदा माझ्याबरोबर वाशीमला माझ्या डॉक्टर बाईंकडे चल."

"घरी सैपाक आहे, आईले औषध द्यायचं असते, मले कुठी वेळ आहे मॅडम?"

मला हे वाक्य पाठ होतं. मी तिच्याशी वाद घातला नाही. डॉक्टरांना फोन करून शनिवारची वेळ घेतली, आणि तिच्या शेजारच्या काकूंना गाठून त्या दिवशी आईचं औषध द्यायचं कबूल करून घेतलं. शनिवारी शाळा सकाळची असते. सुटल्यावर वाशीमची बस मिळते. तिला सांगून ठेवलं आहे, डबा घरून आणू नकोस, मी खिचडी आणते आहे.